दोनदा बंद केलेली फाइल

आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काकांना सगळे पाठीमागे 'झाकणकाका' म्हणत. पेनाचं टोपण, बाटलीचं बूच, दुसऱ्याचा ड्रॉवर, उघडं काही त्यांना बघवत नसे. तीस वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेली. उघडलेली प्रत्येक फाइल स्वतः बंद करायची, हे हाताला लागलेलं वळण. मी प्रोग्रॅमच्या नव्या भाषेतला. आमच्याकडे विसरलेल्या फाइली भाषाच बंद करते, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं. वर्गात पहिला आलेल्याला एवढं बोलावंच लागतं. वर्गात अकराच जण होतो, हे मी सहसा सांगत नाही.

तर माझा रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम रोज दुपारी तीनला मान टाकू लागला. मला कायम करायचं की नाही, ते लॅबच्या मॅडम शुक्रवारी ठरवणार होत्या. काकांनी माझा कोड वाचला आणि हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, मशीन प्रत्येक उघड्या फाइलीला एक नंबर देतं, आणि नंबर मोजकेच असतात, तुझे तीनपर्यंत संपतात. तुझी भाषा झाडू मारते खरी, पण मेमरी भरली की मगच. नंबर संपले म्हणून ती जागची हलत नाही.

झालं, मी पेटलो. दिसेल ती फाइल बंद करत सुटलो, तीही थेट नंबराने. काही तर दोनदा. म्हटलं, दार दोनदा ओढल्याने काय बिघडतंय?

गुरुवारी एका आजोबांचा रिपोर्ट साखरेपर्यंत छापून आला, पुढे कोरा. काकांनी पाऊण तासात चोर पकडला. मीच. पहिल्यांदा बंद केल्यावर नंबर मोकळा झाला, मशीनने तोच आजोबांच्या फाइलीला दिला, आणि दुसऱ्यांदा मी बंद केली ती त्यांची.

"काका, उद्या शुक्रवार आहे हो," मी म्हणालो.

"आजोबांचाही आहे. त्यांना उद्या डॉक्टरांना दाखवायचंय. आधी रिपोर्ट काढ, मग मॅडमकडे जा. मी नाही सांगणार, तूच सांग."

मग त्यांनी माझ्याच भाषेतली एक सोय दाखवली. फाइल एका चौकटीत उघडायची. प्रोग्रॅम चौकटीबाहेर पडला, अगदी चूक होऊन पडला, तरी ती आपोआप बंद होते, आणि एकदाच. त्या भाषेचं पुस्तक त्यांनी मी येण्याआधीच वाचून ठेवलं होतं.

मॅडमनी सगळं ऐकलं, आजोबांना रिपोर्ट मिळाला का एवढंच विचारलं, आणि मला आणखी तीन महिने हंगामीच ठेवलं. आईला फोनवर सांगितलं, मुदत वाढवून मिळाली. ती इतकी खूश झाली, की शेजारच्या काकूंनाही सांगून आली.