मेस्त्रींच्या केसांतली वाळू

शनिवारी मेस्त्री कामावर आले की त्यांच्या केसांत लाल वाळू असायची. कानामागे, मिशीत, शर्टाच्या कॉलरखाली. आंघोळ करूनही ती सगळी निघत नसे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं बसवायला ते पहिल्यांदा आले, तेव्हा ओट्यावर वाळू पडली. मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते हेच, "मेस्त्री, डोकं झटकून या. मी भाकरी करतेय."

ते निमूट बाल्कनीत जाऊन आले आणि म्हणाले, "काल पडलंय, वयनी. अकरा खेपा."

छप्पन्न वर्षांचा माणूस एका दिवसात अकरा वेळा पडतो म्हणजे काय? मला वाटलं, पीत असणार. शारजात दारू मिळत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी कराडकडची. चौथीपर्यंत शिकले. नवरा गेला आणि लेकीनं मला शारजाला नेलं, नात सांभाळायला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लेक आणि जावई दुबईत नोकरीला. रस्त्यावर गाड्या तुंबायच्या आत पोचायचं म्हणून पहाटे साडेपाचला निघत, रात्री आठ वाजता परत येत ते न बोलता जेवण्यापुरते. नात दुपारी शाळेतून यायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "काय खाणार गं?" "नथिंग, आजी." मधले सहा-सात तास मी आणि नवव्या मजल्यावरची न उघडणारी खिडकी. तक्रार नाही करत. पंखा चालू, पोट भरलेलं, पण तोंड दिवसभर मिटलेलं. दारं बसवायला आलेल्या सुताराशी मी एवढी का बोलले, ते यावरून कळेल.

मेस्त्री म्हणजे कोकणात सुतार. हे देवगडच्या बाजूचे. एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं कामाला, आठजणांच्या खोलीत राहायला. दोन वर्षांनी एक महिना गावी जात. बायको वारली तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे. पोचले ते बाराव्याला. हे त्यांनी बिजागरीचे स्क्रू पिळताना सांगितलं, स्क्रूकडे बघत. मी "अरेरे" वगैरे म्हटलं नाही. चहा दिला.

वाळूवरून घसरायच्या त्या फळीचं वेड त्यांना असं लागलं. एका गोऱ्या माणसानं मोडलेली फळी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आणली. त्याच्या देशात ती बर्फावर घसरायला वापरतात, दोन्ही पाय तिच्यावर बांधून उभं राहायचं. याने ती इथल्या वाळूवर चालवली आणि टोकाला तडा पाडला. मेस्त्रींनी ती जोडून दिली, पण देण्याआधी चार दिवस ठेवून घेतली. मापं काढली, कुठे जाड, कुठे पातळ, टोकं किती वर वळलीत, सगळं. मग पातळ प्लायचे तीन थर गोंद लावून साच्यात वाकवले आणि स्वतःची फळी केली. पाय अडकवायला भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट.

तिथे सुट्टी शुक्रवारची. पहिल्या शुक्रवारी त्यांनी फळीच्या पोटाला खोबरेल तेल चोळलं. कोकणातला माणूस, अंगाला, डोक्याला, दाराच्या कडीला, सगळ्याला खोबरेल. तेल लावलं की घसरतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. फळी टेकडीवर ठेवली, वर उभे राहिले आणि जागेवरच राहिले. उचलून बघतात तर बांगड्याला रवा लागावा तशी वाळू चिकटलेली. "तळूक घातली असती तर बरी झाली असती," ते सांगत आणि स्वतःच हसत. मग त्यांनी पोटाला सनमायका चिकटवला आणि कोरडी मेणबत्ती घासायला सुरुवात केली. प्रत्येक खेपेला पुन्हा घासायची. त्यांच्या खिशात कायम अर्धी मेणबत्ती असे. आमच्या बिल्डिंगची वीज एकदा गेली तेव्हा ती कामाला आली.

पुढे ते काही ना काही कामाला येत राहिले आणि एकदा नातीसाठी लहान फळी घेऊन आले. लेक म्हणाली, "आई, हे कुठलं नवीन?" मी म्हटलं, "पोरगी टीव्हीसमोर बसून वाळतेय, जाऊ दे." मग मी, नात आणि मेस्त्री कंपनीच्या पिकअपमधून शुक्रवारी सकाळी निघायला लागलो. लेक म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक कुठायत इथे? दाखव मला एक."

जागा शोधण्यात मेस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. पिकअप रस्त्याच्या कडेला लावून ते उतरत, मूठभर वाळू हवेत सोडत. वारा जिकडून येतो ती बाजू दडपलेली आणि घट्ट, तिकडून चढायचं. पलीकडची बाजू मऊ आणि उभी, तिकडून उतरायचं. थंडीत सकाळी वाळू दवानं ओली असते, फळी सरकत नाही, म्हणून दहा वाजेपर्यंत थांबायचं. तोवर मी डबा उघडायची. जिथे उंटांचे पाय उठलेत तिथे टेकडी टणक असते, जिथे जीपगाड्या फिरतात तिथे जायचं नाही. हत्ता गावाच्या रस्त्याला एक मोठी लाल टेकडी होती, दहा मजल्यांची तरी असेल. तिच्याकडे ते नुसते बघत आणि आम्हाला शेजारच्या लहान टेकडीवर नेत.

नात दोन शुक्रवारांत शिकली. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "इट्स बोरिंग," आणि पिकअपमध्ये जाऊन झोपली. फळी रिकामी पडली होती. मेस्त्री म्हणाले, "वयनी, तुमी चढा."

"ही माझ्या नातीची आहे."

"तुमची मोटारीत आसा. कधीचीच केलंय."

काढून दाखवली. माझ्या हनवटीपर्यंत येईल अशी. ते म्हणत, फळी हनवटीएवढी असावी, त्याहून लांब घेतली तर ती माणसाला घेऊन जाते. मला न विचारता माझं माप घेतलं होतं, नजरेनं. मी रागावले. मग पुढच्या शुक्रवारी साडीखाली जावयांची ट्रॅक पॅन्ट घालून गेले. नात पुन्हा पिकअपमध्ये झोपली.

चौपन्न वर्षांची बाई पडते तेव्हा आवाज येतो. आठ वेळा पडले. प्रत्येक वेळी पायाकडे बघत होते, फळी कुठे जाते ते बघायला. मेस्त्री खालून ओरडत, "पायाकडे बघू नकात! जंय जावचां आसा थंय बघा! फळयेक काय्येक कळणा नाय, तिका तुमचे डोळे सांगतत!" नवव्या वेळी मी चिडून त्यांच्याकडेच बघितलं आणि उभीच्या उभी त्यांच्यासमोर येऊन थांबले.

"इलात," ते म्हणाले. एवढंच.

"मग काय, वर राहणार होते?" मी म्हटलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. लेक झोपली होती, शुक्रवार तिचा झोपायचा. नंतर एकदा विषय निघाला तेव्हा सांगितलं, तर जावई म्हणाले, "आई, बसून घसरला असाल हो." मी वाद घातला नाही.

मेस्त्रींचंही तसंच होतं, फक्त त्यांच्या गावभर. गल्फातून आलेला प्रत्येक जण काही ना काही फुगवून सांगतो, सोन्याचे नळ, शेखनं हात मिळवला. त्यामुळे खरं सांगणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. "गावात सांगलंय तर हसतत," ते म्हणाले. "माझो झील म्हणता, बाबा गल्फातनं थापा घेवन इलो." झील म्हणजे मुलगा. तो एका वर्षाचा असताना हे इथे आले. त्याच्याजवळ सांगण्यासारखं यांच्याकडे एवढं एकच होतं.

साठ वर्षं भरली की व्हिसा खलास. कंपनीनं मेस्त्रींना तारीख सांगितली तो हिवाळा होता. त्या दिवसापासून त्यांनी ती मोठी लाल टेकडी धरली. वरून सुटत, तीनातले दोन भाग व्यवस्थित येत, मग वाळूचा एक फुगवटा होता तिथे हमखास फेकले जात. दर शुक्रवारी. मी खाली बसून बघायची. ते उठत, थुंकत, परत चढत. वीस मिनिटं चढायला, अर्ध्या मिनिटात पडायला. मी म्हटलं, "मेस्त्री, सोडा. हाडं घेऊन गावी जायचंय." ते म्हणाले, "वयनी, एकदा उभो उतारलंय की पुरे. आणि तुमी बघा. कोणीतरी बघूक व्हया."

शेवटच्या शुक्रवारी नात घरी राहिली, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. पिकअप कंपनीनं काढून घेतली होती, म्हणून जावयांनी आम्हाला नेलं. ते रस्त्यावर गाडीत एसी लावून बसले. कॅमेरा घरीच राहिला. मेस्त्री पाच वेळा चढले, पाच वेळा पडले. सहाव्यांदा चढले तेव्हा वारा उठला होता. ते वर जाऊन मेणबत्ती घासत बसले, किती वेळ बसले. खरं सांगते, मला कंटाळा आला. मी वाऱ्याकडे पाठ केली आणि थर्मासमधून चहा ओतायला लागले.

मागे फळी घासल्याचा आवाज आला. वळले तर मेस्त्री माझ्यापासून दहा हातांवर उभे. दोन्ही पाय फळीवर, हात पसरलेले, तोंडावर घाम.

"बघलात मा, वयनी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. थोड्या वेळापूर्वी चढायला निघताना त्यांनी डोकं आणि शर्ट झटकला होता. आता केसांत नवी वाळू नव्हती. मिशीत नव्हती. शर्टाची पाठ साफ होती. पडलेला माणूस असा दिसत नाही, हे चार वर्षांत मला पाठ झालं होतं. मी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही. कोणाला बरं वाटावं म्हणून तर कधीच नाही.

"बघितलं," मी म्हटलं. "एकदाही पडला नाहीत."

ते वाळूत बसले आणि बराच वेळ सीटबेल्ट सोडवत राहिले. सुटले होते तरी. पुन्हा चढले नाहीत. आठवड्यानं गेले. विमानतळावर मी गेले नाही, माझं तिथे काय काम?

चतुर्थीला आमच्या घरचा फोन वाजला. मागे माणसांचा गोंगाट होता. मेस्त्री म्हणाले, "वयनी, हे सगळे पडवीत बसलेत. झील पण आसा. जरा सांगा ह्येंका." आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला. त्यांच्या मुलाचा आवाज आला, अवघडलेला, "हां, काकी, बोला."

मी सांगितलं. टेकडी किती उंच, वारा किती, बाबा कसे सुटले. तो गप्प ऐकत होता, म्हणून मी सांगत गेले. फुगवट्यावर आल्यावर ते डावीकडे झुकले, फळी वळवली आणि सरळ खाली आले, असं सांगितलं. तो म्हणाला, "खरंच?" मी म्हटलं, "मी चौथी पास बाई आहे, मला थापा मारता येत नाहीत." पलीकडे तो कोणाला तरी म्हणाला, "खरां आसा रे. बाबा फुगवट्यार डावीकडे झुकलो आणि सरळ खाली इलो." कोणी हसलं नाही.

मेस्त्रींनी फोन घेतला. मुलगा मोठ्यानं बोलला होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.  आवाज खाली आणून म्हणाले, "वयनी, फुगवट्यार मी उजवीकडे गेलेलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असांदे," ते म्हणाले. "मी उतारलंय तां खरां मा?"

"खरं," मी म्हटलं. "वाळू नव्हती तुमच्या केसांत."

ते हसले. त्यानंतर दोन वर्षांनी वारले, असं त्यांच्या मुलानं कळवलं.

दुबईत पुढे एका मॉलमध्ये बर्फाची टेकडी झाली, तेव्हा मी कराडला परतले होते. नात तिथे फळीवर उभी राहते. मागे फोनवर तिला म्हटलं, मीसुद्धा उतरले होते, लाल वाळूवरून, उभी. ती म्हणाली, "आजी, कम ऑन." मी फळीची लांबी सांगितली, मेणबत्तीचं सांगितलं. तिनं विषय बदलला. मी उतरले त्या दिवशी ती मोटारीत झोपली होती. ज्यांनी बघितलं होतं त्यांच्या हातात फोन द्यायला आता मेस्त्री नाहीत.