‘आशिश ना’ म्हणजे काय

ईरा, नील,

मी सांगली सोडली तेव्हा एसटीपर्यंत पोचवायला फक्त वडील आले. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीने कॉलेजातली नोकरी नाकारून चिंचवडच्या कारखान्यातल्या फिटरशी लग्न केलं, हे आईला पटलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “गेलीस ना? आता तिकडचीच हो.” मी तिचा शब्द पाळला. सहा वर्षं फिरकले नाही.

चिंचवडला आमच्या शेजारी शिखादी राहायची, कलकत्त्याकडची. तिचा नवरा आणि तुमचे आजोबा एकाच शिफ्टला. टीव्ही तिच्याकडेच होता, पण जुना; खालच्या इंग्रजी ओळी त्यावर वाचता येत नसत. रविवारी दुपारी बंगाली सिनेमा लागला की ती मला हाक मारी आणि मटार सोलता सोलता हिंदीत गोष्ट समजावून सांगे.

त्या सिनेमात रडारड भरपूर होती. घरच्यांशी भांडून गेलेली मुलगी शेवटी ट्रंक घेऊन परत येते. आई अर्धं दार उघडते आणि रडत म्हणते, “आर आशिश ना.” ‘आशा’ म्हणजे येणं, एवढं बंगाली मला येत होतं. पुढचा ‘ना’ तर आपलाच: ये ना, बस ना, जेव ना. मी विचारलं, “बुला रही है ना?”

शिखादीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हाँ, बुला रही है. तुम भी जाओ ना.”

पुढच्या रविवारी मी सांगलीला गेले. आईने दार उघडलं, माझ्या मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, “एकटीच? जावई कुठंयत?” आजोबांना ती पहिल्यांदाच जावई म्हणाली. त्यानंतर ती दोनच वर्षं जगली.

ही गोष्ट तुम्ही लहानपणी कितीदा ऐकलीत. म्हणूनच तर नीलने त्या सिनेमाची नव्याने स्वच्छ करून काढलेली डीव्हीडी शोधली, एक तिकडे परदेशात स्वतःकडे ठेवली आणि एक मला पाठवली. परवा ईराचा फोन आला. “आजी, तू शेवट चुकीचा सांगितलास. ती आई ‘पुन्हा येऊ नकोस’ म्हणते. खाली इंग्रजीत लिहिलंय.”

मी माळ्यावरचा प्लेअर उतरवून घेतला आणि निगडीच्या या घरात एकटीने सिनेमा पाहिला. ईराचं बरोबर आहे. बंगालीत तिथला ‘ना’ म्हणजे नको. नंतर दार बंद होतं, तेही मला आठवत नव्हतं. तेव्हा मी बहुधा डोळे पुसत होते.

शिखादीची ती मातृभाषा, तेव्हा तिला समजलं नसेल असं होणारच नाही. विचारायला ती आता नाही. दोन दिवस मला चुकल्यासारखं वाटलं. ज्या बोलावण्यावर मी गेले, ते बोलावणं नव्हतंच. पण माझ्या आईने तरी मला कुठे बोलावलं होतं?

गेल्या दिवाळीत तुमची आई म्हणाली, घर विकून तिकडे चल. मी नाही म्हटलं. विमानतळावर ती तोंड फिरवून म्हणाली, “मग मीही आता येत नाही.” तिचं मराठी मला नीट समजतं. तरी वरच्या खोलीतल्या गाद्या आज उन्हात टाकल्या आहेत. तिला सांगा, हे घर मी विकत नाही ते एवढ्यासाठीच: कुणी चुकीचं ऐकून आलं, तरी दार उघडायला इथे माणूस हवं.