तिचं ‘व्हय’

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोची सेवा केलेला माणूस म्हणून कोपरगावाकडच्या आमच्या गावात मला मान मिळतो आणि तो मी मुकाट घेत आलो.

लकवा मारला तेव्हा तिची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, ‘व्हय’. भूक लागली का, व्हय. पोट भरलं का, तरी व्हय. खरं उत्तर डोळ्यांत बघायचं, हे मी हळूहळू शिकलो. तिला अंघोळ घालणं, कूस बदलून देणं, पेज भरवणं, काहीच मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मुलगा म्हणाला कामाला बाई ठेवू, तर त्याच्यावरच चिडलो.

एका सकाळी आमच्या उसाला तोड आली. ऊसतोड्यांची टोळी फडात शिरलेली आणि मी घरात अडकलेलो. तिच्या तोंडातली पेज माझ्या अंगावर सांडली. मी वाटी आपटली.

“सुटत का नाहीस एकदाची?”

“व्हय,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत बघायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी स्वतःला शिक्षा लावून घेतली. शिळंपाकं उभ्यानं खायचं, फरशीवर पडायचं, पाठ धरली तरी तेल लावायचं नाही. अकोल्याहून मेहुणी आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आधी तिनं नुसतं पाहिलं, मग माझ्यापुढं ताट ठेवलं.

“दाजी, तुमच्या शिळं खाण्यानं माझी बहीन उठून बसनार हाय व्हय? तिला कूस बदलून देता, तशी सोताला बी द्या की जरा.”

मी बसून जेवलो. मुलाला कामाला बाई बघायला सांगितली. दुपारी झोपायला लागलो. झोपताना अपराधी वाटायचं, तरी हट्टानं झोपलो. पाठ दुखली की तिच्याशी बोलायचो त्याच आवाजात स्वतःला म्हणायचो, दमलास, टेक जरा. पुन्हा तिच्यावर माझा आवाज चढला नाही. वाटी आपटणारा हात माझाच आणि रोज तिची कूस बदलणाराही माझाच, हे दोन्ही मी आता मान्य करतो. दुपारची झोप आजही मोडत नाही.

माफी तेवढी राहिली. मागितली असती तर ती व्हयच म्हणाली असती, आणि खरं उत्तर मला डोळ्यांतच बघावं लागलं असतं. उद्या मागू, उद्या मागू म्हणत राहिलो आणि ती गेली. वाक्य तयार होतं: “त्या दिवशी बोललो ते खरं नव्हतं गं. तू राहा.”