नानांच्या चष्म्याच्या घरातला बोल्ट

कदम आमच्या घरी कधी पुढच्या दारानं आला नाही. टाऊनशिपमधली क्वार्टर्स सगळी एका साच्यातली. पुढे व्हरांडा, मागे अंगण आणि दोन अंगणांच्या मध्ये मेंदीचं कुंपण. त्या कुंपणात कदमनं स्वतःपुरती एक फट करून ठेवली होती. मागच्या दारानं येणाऱ्याला आधी स्वयंपाकघर लागतं, हे मी वेगळं सांगायला नको. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असायचो आणि आतून आवाज यायचा, "वहिनी, थालीपीठं लावून राहिल्या का? मग मी बसतोच." आणि माझी बायको सुधा, जी मला "अजून वेळ आहे" म्हणून परत पाठवायची, ती तव्यावरचं पहिलं थालीपीठ त्याच्या ताटलीत टाकायची. पहिलं! वर लोण्याचा गोळा.

मला कदमचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हा गृहस्थ असा का बोलतोय. आम्ही दोघं भोपाळच्या एकाच कारखान्यात, एकाच ब्लॉकमध्ये, एकाच हुद्द्यावर. मी वाईचा, तो ग्वाल्हेरचा. त्याच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या तिकडेच गेलेल्या, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी शुद्ध भाषेत आभार मानायचो तेव्हा लोक चपला शोधायला लागायचे, आणि हा "अरे यार, ऐका तर" म्हणाला की उठलेले परत बसायचे. पेरूचं झाड त्याच्या अंगणात होतं. त्याची एक फांदी म्हणून माझ्या बाजूला वाकली असेल तर शपथ.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. घट्ट बसलेलं झाकण असो, अडून बसलेला कारकून असो की रुसलेलं पोर असो, कदम म्हणायचा, "जबरदस्ती केली की तुटतो. हळू घे. त्याला वाटू दे न, की तोच निघून राहिला आहे." मला हे ऐकून ऐकून वीट आला होता. कारण ज्या दिवशी हे वाक्य पाळायची खरी गरज होती, त्या दिवशी यानंच ते पाळलं नाही. तोच दिवस सांगतो.

त्या वर्षी आई गेली आणि मी नानांना वाईहून भोपाळला आणलं. नाना म्हणजे माझे वडील. उभा जन्म हेडमास्तरकीत गेलेला. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. मी इंजिनिअरिंगला लागलो तेव्हा म्हणाले, "बरं." नोकरी लागली, "बरं." बढती मिळाली तेव्हा मी मुद्दाम ट्रंककॉल केला होता. पलीकडून "बरं" आलं आणि मग पावसापाण्याची चौकशी. त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘शाब्बास’ ऐकावं एवढीच माझी इच्छा होती. चाळिशी उलटली तरी होती. हसायचं तर हसा.

भोपाळला आल्यावर तर नानांनी बोलणंच टाकलं. मी त्यांना व्हरांड्यात वेताची आरामखुर्ची घेऊन दिली, पाठीला उशी दिली, जवळ पाण्याचा तांब्या ठेवला. भाजी निवडायला उठले की मी म्हणायचो, "नाना, तुम्ही बसा." झाडांना पाणी घालायला उठले की, "नाना, तुम्ही बसा." आणखी मुलानं काय करायचं असतं? पण ते रस्त्याकडे बघत बसायचे आणि महिन्यातून एकदा म्हणायचे, "मला वाईला नेऊन सोड." वाईला आता होतं कोण?

कार्तिकात आमच्या मंडळाचं आवळीभोजन असायचं. मिसरोदच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात आवळ्याची झाडं होती. तिथे बायका चुली मांडायच्या, झाडाची पूजा व्हायची आणि सगळी टाऊनशिपची मराठी मंडळी सावलीत पंगत धरून जेवायची. वयस्क माणसं आणि मोठी पातेली नेण्याचं काम माझ्या जीपचं. होय, जीप माझी होती, कारखान्याच्या लिलावात घेतलेली. टाऊनशिपमध्ये कदमकडे नसलेली आणि माझ्याकडे असलेली ती एकच वस्तू. त्या वर्षी मी मनात योजलं होतं, नानांना शेजारी बसवायचं आणि आपण ती चालवत न्यायची. बघू देत, चार लोक पोराला कसे मानतात ते.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, कदम फटीतून आला आणि म्हणाला, "जोग, तुझी गाडी मागून रडून राहिली आहे. काल मी ऐकलं न. डिफरन्शियल खोलून पाहू." मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो मोठा गोल डबा असतो, त्यातली चाकं इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वाटून देतात; तो डिफरन्शियल. त्याच्या झाकणाला भोवतीनं बोल्ट असतात. मी म्हटलं, सोमवारी बघू. "सोमवारी? आणि उद्या रस्त्यात बसली तर? पंगत काय तिथेच मांडशील?" सुधा आतून म्हणाली, "कदमभावजी म्हणतायत तर बघू द्या ना." संपलं.

सगळे बोल्ट निघाले, एक निघेना. गंजून धरला होता. आता इथे ते वाक्य आठवायला हवं की नको? पण स्वारीनं पान्याला लांब पाइप अडकवला, पाय रोवले आणि दिला हिसका. कट्‌! डोकं हातात आलं, बाकीचा बोल्ट आत. झाकण काढून पाहिलं तर अगदी तोंडाशी, सपाट तुटलेला. धरायला काडीइतकं बाहेर राहिलं नाही. कदमनं ते डोकं तळहातावर घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "हा तर नाराज झाला यार."

नाराज झाला म्हणे! मी त्याला बाजूला सारलं. शास्त्र सरळ आहे: मधोमध ठोकून खूण करायची, बारीक भोक पाडायचं आणि त्यात हत्यार रुतवून उलटा फिरवायचा. मी जीपखाली शिरलो आणि ड्रिल लावलं. बोल्ट कडक, भोवतीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मऊ. ड्रिलचं बिट घसरलं आणि भोक एका अंगाला पडलं. बिट हलक्या प्रतीचं होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. आणखी पाडत गेलो असतो तर झाकणाच्या जागेचे आटेच गेले असते. म्हणून मी वेल्डिंगवाला शोधायला स्कूटर काढून निघालो. व्हरांड्यात नाना होते. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही नाना, तुम्ही बसा."

पहिला वेल्डर लग्नाला गेलेला, दुसरा म्हणाला सोमवारी. दुपारी घामाघूम होऊन परत आलो आणि बघतो तर खुर्ची रिकामी. मागच्या अंगणात आलो. जीपखालून चार पाय बाहेर. दोन कदमचे. दुसरे दोन धोतरातले!

करोंदच्या मंडीतून आणलेलं गव्हाचं पोतं अंथरून माझे वडील, निवृत्त हेडमास्तर, जीपखाली आडवे झाले होते. हातात दाढीचा आरसा. तो वाकडा धरून बाहेरचं ऊन ते नेमकं त्या तुटक्या बोल्टावर पाडत होते. आतल्या दातेरी चाकांवर कचरा पडू नये म्हणून झाकायला त्यांचाच जुना, स्वच्छ धुतलेला पंचा. मी ओरडलो, "कदम, अरे त्यांचं वय काय!" कदम खालून म्हणाला, "तू जरा उन्हातून बाजूला हो न. नानासाहेबांचा उजेड अडून राहिला आहे." आणि नाना, वाईला नेऊन सोड म्हणणारे नाना, खेकसले, "हो बाजूला!"

सकाळपासून कदमनं बोल्टाच्या कडेनं डिझेल सोडून ठेवलं होतं. आता माझ्या भोकाच्या (माझ्या, लक्षात घ्या) कडेला बारीक छिन्नी तिरकी टेकवून तो उलट्या बाजूला टिचक्या मारत होता. हातोडीच्या नुसत्या टिचक्या. थोड्या उलट्या, मग एखादी सुलटी, पुन्हा उलट्या. मधेच थांबायचा. "नानासाहेब, काय म्हणतो तो?" नाना आरसा सरकवून बघायचे. "अजून नाही. वरच्या अंगाला मारा." "वरच्या?" "वरच्या म्हणतो ना मी!" कदम निमूट वरच्या अंगाला मारायचा. माझ्या वडिलांना बोल्टातलं ओ की ठो कळत नव्हतं. कदमला हे माहीत नव्हतं असं तुम्हाला वाटतं?

मी मेंदीच्या कुंपणापाशी उभा होतो. काय वाटत होतं सांगू? तो बोल्ट निघू नये असं वाटत होतं. माझी जीप, माझे वडील, उद्याची माझीच हौस, आणि तरी वाटत होतं की निघू नये.

"हलला!" नाना किंचाळले. एवढा मोठा आवाज मी शाळेत असतानाही ऐकला नव्हता. "कदम, हलला! केसभर फिरला! थांबू नका!" मग टिचक्या, मग बोटांची चिमटी, आणि आटे सोडत सोडत तो तुकडा बाहेर आला. नाना जीपखालून रांगत निघाले. कपाळाला ग्रीस, धोतराचा सोगा काळा. तळहातावर तो तुकडा घेऊन त्यांनी उन्हात धरला आणि कदमच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास, कदम! शाब्बास!"

दोनदा. माझ्यासमोर. अहो, बोल्ट तोडला त्यानं, आणि काढला म्हणून शाब्बासकीही त्यालाच! भोक माझं, जीप माझी, आरशातला उजेड माझ्या बापाचा. मी म्हटलं, "भोक होतं म्हणून छिन्नी टेकली." नाना म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी आवळीखाली नानांनी सगळ्या पंगतीला ती हकिकत सांगितली. तुकडा त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवला होता. तो काढून दाखवायचे आणि परत ठेवायचे. वाईचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. सकाळी चहा झाला की मेंदीच्या फटीतून पलीकडे. कदमला सदान्‌कदा कुणीतरी काहीतरी धरायला लागायचं: शिडी धर, दोरी धर, पंख्याचं पातं धर. मी खुर्चीची उशी बदलली, नवी वेतपट्टी बसवून घेतली. त्या खुर्चीत मांजर झोपायचं. माझ्या वडिलांना मी मानानं खुर्चीत बसवलं, यानं मातीत लोळवलं, आणि लाडका कोण? तर हा!

नाना गेले तेव्हा कदम माझ्याहून जास्त रडला. तेही मला आवडलं नाही. तेराव्याच्या जेवणानंतर त्यानं मला अंगणात गाठलं. "जोग, तो नानासाहेबांचा तुकडा मला देशील? तुला कशाला तो?" मी म्हटलं, "कुठे ठेवलाय, शोधायला हवा." तो माझ्या खिशात होता. नोकरी संपवून तो ग्वाल्हेरला निघाला तेव्हा ट्रकमध्ये सामान चढवताना पुन्हा म्हणाला, "मिळाला का रे?" मी म्हटलं, "बघतोय." नंतर एका दिवाळीला फोनवर. "नाही सापडला," मी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "राहू दे न मग. काही घाई नाही."

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं. जगातली प्रत्येक अडकलेली वस्तू या माणसानं बाहेर काढली. माझ्या घरातलं पहिलं थालीपीठ काढलं, माझ्या बापाच्या तोंडून शाब्बास काढलं. पण हा एक तुकडा त्याला निघाला नाही. निवृत्तीनंतर आम्ही मिसरोदला घर घेतलं. तिथे माझ्या टेबलावर चष्म्याच्या घरात तो होता, आणि रोज सकाळी मी तो बघायचो.

गेल्या महिन्यात कदम गेला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, जाता आलं नाही. परवा त्याच्या बायकोला, मालतीवहिनींना फोन केला. बोलता बोलता म्हटलं, "वहिनी, तो नानांचा तुकडा त्याला हवा होता. सापडला नव्हता."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तो तुमच्याजवळच आहे, हे त्यांना माहीत होतं. मी म्हणायची, सरळ मागून घ्या न, नाहीतर भांडा. तर म्हणायचे, नको, जोगवर जबरदस्ती नको. जबरदस्ती केली की तुटतो. त्याला वाटू दे, की तोच देऊन राहिला आहे."

मी फोन ठेवला. सुधाला म्हटलं, "बघ! मला बोल्ट समजत होता हा माणूस, बोल्ट!" आणि असा संतापलो की अर्धा तास अंगणात येरझाऱ्या घातल्या, तेही नव्या गुडघ्यानं. रात्रीच्या जेवणाला तिनं थालीपीठ केलं आणि पहिलं माझ्या ताटात वाढलं. मी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं मागितलं.

आज सकाळी भोपाळ स्टेशनवरून ग्वाल्हेरच्या गाडीत बसलो. कुणी सांगितलं नाही, कुणी मागितलं नाही. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आहे. वहिनींच्या हातात द्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं, असं मनाशी म्हणत होतो. गाडी विदिशाच्या पुढे गेली, मी खिशावर हात ठेवला आणि एकदम ध्यानात आलं. तोंडातून मोठ्यानं निघून गेलं:

"काढलास की रे! शाब्बास, कदम."

समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, "जी, मुझसे कुछ कहा?"