झाकणावर न लिहिलेली तारीख

दुकानात त्यांना सगळे नाकोबा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. तीस वर्षं चीजच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. काचेआड मांडलेल्या चाळीस प्रकारांपैकी कुठलं आज खायला जमून आलंय आणि कुठलं उद्या उतरणार, हे ते नुसतं वाकून, डोळे मिटून सांगत. मालकीणबाई फ्रीजच्या तापमानाच्या काट्यावर ठेवत नसत एवढा विश्वास या नाकावर ठेवत.

गिऱ्हाइकांना शिकवायची तर त्यांना भारी हौस. पाव किलो चीज न्यायला आलेली बाई पाव तासाचं व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटत नसे. "प्लास्टिकमध्ये आवळून ठेवू नका हो, घाम फुटतो त्याला. आधी मेणकागद, मग सैलसर डबा. फ्रीजच्या दारात तर नकोच, ते दिवसातून शंभरदा उघडतं. खाली भाजीच्या कप्प्यात ठेवा. कडक चीजला बुरशी आली तर भोवतीचं बोटभर कापून टाका, बाकीचं खुशाल खा. मऊ चीजला आली तर हळहळत बसायचं नाही, अख्खं फेकायचं. आणि डबा उघडला की झाकणावर तारीख लिहायची. पाच दिवसांच्या वर एक दिवस नाही." हे शेवटचं सांगताना ते कानावरचं पेन काढून समोरच्यावर उगारत.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकाही झाकणावर कधी तारीख नव्हती. "जगाला शहाणपण वाटून झाल्यावर घरासाठी उरत नाही वाटतं?" असं बायकोने विचारलं की ते नाकाला बोट लावून म्हणत, "आपलं कॅलेंडर हे." ते खोटंही नव्हतं. त्या घरात चीज खाऊन कधी कुणाचं पोट बिघडलं नाही. लेक शाळेत जायची तेव्हा डबा भरण्याआधी तुकडा बाबांच्या नाकाखाली धरायची, त्यांनी मान हलवली की मगच पावात घालायची. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी तिची ती सवय सुटली नाही.

मग एका थंडीत त्यांना ताप आला. आठवड्याने उठले, दाढी करायला बसले, तर साबणाला वासच नव्हता. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. कामावर गेले, सगळ्यात उग्र चीजवरचं झाकण उचललं, वाकले. काही नाही. दोन महिने गेले तरी काही नाही. तेव्हा ते एकटेच, घरी न सांगता, डॉक्टरकडे जाऊन आले. "येईल, किंवा नाही येणार," डॉक्टर म्हणाले.

सांगून टाकायला काय झालं होतं? पण नाही. मालकीणबाई आपल्याला मागे खोकी बांधायला पाठवतील, लोक 'अरेरे' म्हणतील, या धास्तीने या गृहस्थाने तोंडाला कुलूप लावलं. तीस वर्षांचं नाव असं एका तापात जाऊ द्यायला मन धजेना. ते पूर्वीसारखेच वाकत, पूर्वीसारखेच डोळे मिटत, आणि गुपचूप अंगठ्याने दाबून बघत, कागद ओलसर लागतो का ते बघत, खोक्यावरचे तारखेचे शिक्के वाचून ठेवत. अनुभव दांडगा होता. दुकानात सगळं निभावलं.

घरी शिक्के नव्हते. आता तरी तारीख लिहावी असं त्यांच्या मनात आलं होतं. एकदा तर पेन झाकणाला टेकवलंही होतं. पण बायको विचारेल, आजच हे काय नवीन, म्हणून त्यांनी ते परत खिशात घातलं.

लेकीला सहावा महिना लागला. पिकवलेलं मऊ चीज डॉक्टरीणबाईंनी बंद केलं होतं. साधं ताजं चालेल, पण अगदी ताजं हवं, असं बजावलं होतं. रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. लेकीने फ्रीजमधून ताज्या चीजचा अर्धा संपलेला डबा काढला.

"हा कधी उघडलाय गं?" तिने आईला विचारलं.

"परवा-तेरवा असेल. बाबांना विचार."

लेकीने झाकण काढलं, जराशी थबकली आणि डबा त्यांच्या नाकाखाली धरला. "बाबा, चालेल का?"

त्यांनी पाहिलं. पांढरंशुभ्र होतं. वर थोडं पाणी सुटलं होतं, पण ते तर सुटतंच. जावई बघत होता, बायको बघत होती. ते वाकले, डोळे मिटले, नेहमीइतकंच थांबले आणि मान हलवली. "खा बिनधास्त. लोणी आहे लोणी."

तिने दोन पावांना लावून खाल्लं.

तीन आठवड्यांनी तिला सडकून ताप भरला. चौथ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती.

इस्पितळात खाण्यापिण्याची सगळी चौकशी झाली. चीजमधून झालं असावं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण या जंतूंना वास नसतो. कुणालाच कळलं नसतं."

"ऐकलंत ना?" बायको त्यांचा हात धरून म्हणाली. "तुमचा काही दोष नाही."

त्या वाक्याच्या आधाराने त्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी ते स्वयंपाकघरात बसून बोटांवर दिवस मोजू लागले. नळवाला आला होता त्या सकाळी डबा उघडला होता. तिथपासून त्या रविवारपर्यंत अकरा दिवस होत होते. जंतूला वास नसेल, पण अकरा दिवसांच्या चीजला असतो. पूर्वीच्या नाकाने तो डबा तसाच उचलून कचऱ्यात टाकला असता. हे कळलेला घरात एकच माणूस होता, आणि त्याला ते गिळून बसणं जमेना.

दुपारी ते लेकीकडे गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ते उभ्या उभ्याच बोलले, कारण बसलो तर बोलवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"मला वास येत नाही. थंडीतल्या त्या तापापासून. त्या दिवशीही नव्हता येत. आणि डबा अकरा दिवसांचा होता."

ती ओरडेल, चालते व्हा म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं.

"मला येत होता," ती म्हणाली. "झाकण काढल्या काढल्या आला. आंबूस."

त्यांनी विचारलं, "मग खाल्लंस कशाला गं?"

"तुम्ही मान हलवलीत ना, बाबा."