उशिरा पडणारा गिअर

गाडी आली की पाचोऱ्याचे आमचे मिस्त्री आधी चपला काढायचे. शेजारच्या सीटवर बसून अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालव भाऊ. गाडी काय सांगस, आयकू दे."

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. मी त्यांना नाना म्हणत असे.

माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. क्लच दाबता येत नाही. म्हणून वडिलांनी कुठून तरी एक जुनी परदेशी गाडी मिळवली होती, आपोआप गिअर बदलणारी. ते गेल्यावरही मी तीच चालवत राहिलो. मग ती गिअर उशिरा टाकू लागली. इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि मग असा धक्का बसायचा की बायको देवाचं नाव घ्यायची. जळगावात दोघा मिस्त्रींनी सांगितलं, "हा गिअरबॉक्स काढा, साधा बसवा." साधा म्हणजे क्लचवाला. म्हणजे माझं गाडी चालवणंच संपलं.

नानांनी माझ्या पायाकडे एकदाच पाहिलं. "साधा कशाले? हाऊच नीट करू."

ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक दांडी जाते. पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला तिच्यामुळे कळतं. नानांनी तिचा नट अर्धा फेरा फिरवला. भडगाव रस्त्याला जाऊन आलो. आता गिअर इतका लवकर पडायचा की चढावर गाडी मरगळायची.

"मनं चुकनं," नानांनी सरळ चूक कबूल केली. पुन्हा पाव फेरा, पुन्हा भडगाव रस्ता. चार दुपारी असंच चाललं. मी आशा सोडली होती. त्यांनी सोडली नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांनी दांडीचा सांधा बोटांनी हलवून पाहिला. आतलं बुश, म्हणजे सांध्यातली छोटी नळी, झिजून सैल झालं होतं. नट कितीही फिरवा, दांडी गिअरबॉक्सला चुकीचंच सांगणार. नानांनी पितळेचं नवं बुश घासून बसवलं.

त्या दुपारी रस्त्यावर मी धक्क्याची वाट बघत होतो.

"गिअर बदलना," नाना म्हणाले.

"कधी?" मला तर जाणवलंही नव्हतं.

ते नुसते हसले. मला मात्र पुढचा रस्ता जरा धूसर दिसू लागला.

गेल्या वर्षी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि धुळ्याला मुलीकडे राहायला निघाले. एसटीनं जातो म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्यांची वळकटी डिकीत टाकली. पारोळा यायच्या आत नानांना गाढ झोप लागली. धुळं येईपर्यंत मी हॉर्न वाजवला नाही.