मी लिहिलेलं मानपत्र

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून ऐकत आलेय, आणि आता कुणी म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. खड्ड्यात गेलं ते अक्षर!

आमचे वडील गिरणीत होते. चाळीत कुणी रिटायर झालं की त्याला मानपत्र द्यायचं, ही तिथली रीत. जाड कागदावर वळणदार अक्षरात त्या माणसाचे गुण लिहायचे, खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, फ्रेम करून नारळ आणि शालीबरोबर हातात द्यायचं. आणि एक प्रत ऑफिसात, साहेबांच्या दफ्तरी. आपल्या माणसाला लोक काय मानतात ते साहेबालाही कळू दे, असं वडील म्हणायचे. नववीत असल्यापासून ही मानपत्रं मी लिहायची. गिरणी बंद पडली, आम्ही अंधेरी पूर्वेला राहायला आलो, पण रीत सुटली नाही. इथल्या सोसायटीचा वॉचमन गावी गेला तेव्हा त्यालाही मी मानपत्र दिलं होतं. बिचारा रडला.

माझा मोठा भाऊ, दादा, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर तीस वर्षं उभा राहिला. लग्न केलं नाही, मीही नाही केलं. आम्ही दोघंच. साठी आली आणि त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं, तिथे तळमजल्यावर डायलिसिसची खोली. दादा तिला कधी हॉस्पिटल म्हणाला नाही. "पाळीक जातंय," म्हणायचा. डबा, टॉवेल, पेपर घेऊन, अगदी कामावर निघाल्यासारखा.

मशीनची त्याला भारी समज. बेडवर पडल्या पडल्या डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि टेक्निशियन मुलीला सांगायचा, "ह्याचा पंप कुरकुरतोय बघ." ती हसायची, पण बघायचीही. दोनदा तो बरोबर निघाला. मूळची अकोल्याकडची ती मुलगी, त्याला काका म्हणायची, मला ताई. सुई अशी लावायची की दादाला कळायचं नाही. कुणाचं बीपी पडलं तर धावत यायची, आणि कुणी चोरून जास्त पाणी प्यायलं असेल तर वजनकाट्यावर उभं करून सगळ्यांसमोर झापायची. त्या खोलीत अठरा पेशंट होते. सगळे एकमेकांच्या घरचं जाणून होते.

मग एक दिवस दारावर नोटीस लागली. रुग्णांच्या हितासाठी डायलिसिस विभाग ट्रस्टच्या मुलुंड येथील अद्ययावत इमारतीत हलवण्यात येत आहे. रुग्णांच्या हितासाठी! रुग्णांना विचारलं कुणी? मुलुंडला सगळं चालवायला एक कंपनी येणार होती, तिची माणसं येणार होती. आमची टेक्निशियन आणि दोन सिस्टर कंत्राटावर. त्यांना सांगितलं, महिनाअखेरपर्यंत या.

आम्ही काय करायला हवं होतं? दारात ठिय्या मांडायला हवा होता. केलं काय? निरोप समारंभ! आणि ती अक्कल माझी. शेवटच्या शनिवारी त्या तिघींना शाल आणि नारळ दिले. त्या अठरांतल्या एकालाही नारळ चालत नव्हता, पोटॅशियम वाढतं म्हणून. त्यावरून केवढे हसलो आम्ही. आणि मी मानपत्र वाचून दाखवलं. नेहमीची वाक्यं होती हो, वर्षानुवर्षं लिहिलेली: 'येथे मिळालेल्या सेवेबद्दल आम्ही सर्व रुग्ण पूर्ण समाधानी आहोत. आमची कोणतीही तक्रार नाही.' तीन पोरींनी चार वर्षं जीव लावला, त्यांच्याबद्दल होतं ते. अठरा जणांनी सह्या केल्या. दादाच्या डाव्या हाताला पट्टी होती, उजव्या हाताने त्याने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. फ्रेम त्या मुलीच्या हातात दिली आणि दुसरी प्रत मी स्वतः, ह्या माझ्या हाताने, वरच्या मजल्यावर ऑफिसात नेऊन दिली. रीत ना! क्लार्कने शिक्का मारून घेतली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मुलुंड सुरू झालं आणि आमची वाट लागली. नकाशावर फार लांब दिसत नाही. पण सकाळी पवईला गाडी अडकली की तलाव बघत बसा. जाताना दीड तास, चार तास मशीनवर, परत येताना पुन्हा दीड. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. रिक्षाच्या धक्क्यांनी दादाला उलट्या व्हायच्या. मी पिशवी धरून बसायची, आणि तो मलाच सॉरी म्हणायचा. तिथे प्रत्येक वेळी नवा माणूस सुई लावायचा. हात काळानिळा. दादाने एकदा सांगितलं, ह्या मशीनचा आवाज बरा नाय. तो पोरगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, अंकल, आराम करो.

महिन्याभरात अठरातले बरेच जण गळले. कुणी गावी गेलं, कुणी खाजगीत. उरलेल्यांपैकी आम्ही पाच जण जुन्या हॉस्पिटलात व्यवस्थापकांना भेटायला गेलो. निदान आठवड्यातून एक दिवस तरी इथे सुरू ठेवा, मशीन्स अजून खोलीतच आहेत, असं सांगायला. साहेबांनी चहा मागवला. गोड बोलले. मग फाईल उघडून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. माझंच अक्षर.

"मॅडम, स्थलांतराच्या अहवालाला हे जोडलंय," ते म्हणाले. "सर्व रुग्ण पूर्ण समाधानी, कोणतीही तक्रार नाही. विश्वस्तांनी हे बघूनच अंतिम मंजुरी दिली. आता तुम्ही वेगळं म्हणताय."

मी म्हटलं, "अहो, हे त्या मुलींना दिलेलं मानपत्र आहे! स्थलांतराचा ह्यात शब्द तरी आहे का?"

"तारीख नोटिशीनंतरची आहे, सह्या तुमच्या आहेत. रेकॉर्डवर आहे, मॅडम."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण चहा प्यायला नाही आणि कप सरळ ठेवलाही नाही. त्यांच्या टेबलावर सांडला. तो कागद मात्र त्यांनी आधीच उचलला होता. भिजू दिला नाही. बाहेर आल्यावर आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाई, छान लिहिता हो तुम्ही." ती चांगल्या मनाने म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसानंतर दादा शनिवार टाळायला लागला. मी भांडले, अबोला धरला, हात जोडले. "एकदा चुकलां म्हणून काय होवचा नाय गो," म्हणायचा. खरं काय ते मला माहीत होतं. आठवड्यातून तीनदा मी ऑफिसातून सुट्टी घ्यायची, त्यातली एक तरी वाचावी म्हणून हे; माझी नोकरी जाईल ही भीती माझ्यापेक्षा त्याला जास्त. पाय सुजायला लागले. उशा एकावर एक रचून बसून झोपायचा.

एका सोमवारी सकाळी त्याला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी. मी त्याला जवळ नेलं, त्या जुन्या हॉस्पिटलातच. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावला आणि डॉक्टर म्हणाले, ताबडतोब डायलिसिस लागेल, मुलुंडला न्या. स्ट्रेचर कॉरिडॉरमधून नेताना ती खोली लागली. दाराला कुलूप. काचेतून आत मशीन्स दिसत होत्या, चादरी घालून ठेवलेल्या, रांगेत. दादाने मान वळवली. मास्कमधून काहीतरी बोलला. मी वाकले. "माझी मशीन तिसरी," तो म्हणाला.

मी तिथेच ओरडले. कुलूप उघडा, त्या मुलीला फोन करा, मी करते, ती येईल, वीस मिनिटांत येईल! सिक्युरिटीवाला म्हणाला, ताई, किल्ली इथे नसते. ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत पवईला अडकली. डावीकडे तलाव होता. दादाने माझा हात धरला होता, आणि पुढच्या सिग्नलच्या आधी सोडला.

मुलुंडला त्यांनी दहा मिनिटं छाती दाबली आणि थांबले. मग काउंटरवर एक छापील फॉर्म माझ्यापुढे आला. मृतदेह ताब्यात मिळाला, नाव, नातं, आणि खाली शेवटची ओळ: मिळालेल्या उपचारांबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. त्याखाली सहीची जागा.

मी पेन मागितलं. 'नाही'वर काट मारली आणि वर लिहिलं: 'आहे.' मग फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. नोटीस, मानपत्र, साहेब, शनिवार, कुलूप, तिसरी मशीन. मानपत्राला लिहिते तसंच लिहिलं, एकेक अक्षर वळवून.

क्लार्क म्हणाली, "ताई, असं चालत नाही. दुसरा फॉर्म देते, नुसती सही करा. नाहीतर बॉडी मिळणार नाही."

"मग ठेवा," मी म्हटलं. "मी बसलेय."

दोन तास बसले. फोन झाले, कुणी कुणी येऊन बघून गेलं. शेवटी त्यांनी तोच कागद घेतला आणि दादाला माझ्या ताब्यात दिलं. निघताना मी त्यावर शिक्का मागितला आणि झेरॉक्स घेतली.

पुढे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत केलेल्या माहितीच्या अर्जातून मुलुंड केंद्राचा वर्षाचा अहवाल माझ्या हातात आला. त्यात माझं मानपत्र होतं, रंगीत छापलेलं, पहिल्याच पानावर. दादाची सही स्पष्ट दिसत होती. काउंटरवर लिहिलेला माझा दुसरा कागद शोधायला मी ती सगळी पानं तीनदा उलटली. तो त्यांनी कुठेच जोडला नव्हता.